पोकळ झाडाचे मोल

माघ लागला की सह्याद्रीच्या उतारावरील रानांत महाधनेशाच्या विणीचे दिवस येतात. पंखांचा घोष करीत जाणारा, चोचीवर पिवळे शिरस्त्राण मिरविणारा हा पक्षी आमच्या वाचकांस अपरिचित नाही; कोकणात कित्येक ठिकाणी त्याला गरुडच म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानेही त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत केली. कायद्याने अभय दिले खरे. परंतु घर कोण देणार?

महाधनेशाला झाड कोरता येत नाही. जुनाट वृक्षाच्या खोडात आपोआप पडलेली ढोली हेच त्याचे घरटे. मादी आत शिरते आणि विष्ठा, माती व फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट राहते. एक-दोन अंडी, त्यांतून बहुधा एकच पिल्लू जगते. या बंदिवासात मादीची पिसे झडतात आणि तिचा सारा भार नरावर पडतो. उंबर, वड, रानजायफळ यांची फळे तो दिवसभर आणतो. अशा वेळी नर मारला गेला अथवा झाड पडले, तर सारे कुटुंबच धोक्यात येते. एकच ढोली वर्षानुवर्षे वापरात असल्याने एका झाडाची तोड ही एका हंगामाची हानी नव्हे, तर पुढच्या अनेक हंगामांची असते.

आपल्या पूर्वजांनी हे जीवशास्त्र पुस्तकांतून वाचले नव्हते. तरीही देवाच्या नावे त्यांनी वृक्ष राखले. सत्तरीतील बांबरची निरंकाराची राय आजही रानजायफळाचे दुर्मिळ वृक्ष सांभाळून आहे, आणि असल्या वृक्षांचे बी दूरवर रुजविण्याचे काम धनेशच करतो. खेदाची गोष्ट ही की, आता देवळाच्या जीर्णोद्धाराला, सभामंडपाला आणि वाहनतळाला जागा हवी म्हणून हीच राई विरळ केली जाते. त्यातही पहिली कुऱ्हाड पडते ती पोकळ झाडावर, कारण ते निरुपयोगी ठरविलेले असते! देवाचे घर विस्तारताना देवानेच आश्रय दिलेल्या जीवाचे घर मोडणे, हा कोणता धर्म?

उपाय अशक्य नाही. अरुणाचलातील पाक्के येथे २०११ साली निशी समाजाचे गावप्रमुख, वनखाते व अभ्यासक एकत्र आले. ज्या समाजाच्या शिरोभूषणात धनेशाची चोच असे, त्याच समाजातील माणसे आज त्याच्या घरट्यांवर राखण करतात. राखणदाराची परंपरा असलेल्या गोमंतकाला हे जमू नये काय?

आमचे म्हणणे एवढेच. वनखात्याने देवरायांतील ढोलीच्या वृक्षांची गावकऱ्यांच्या मदतीने नोंद करावी. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये तोडीची परवानगी देण्यापूर्वी ढोली आहे की नाही हे पाहावे, आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत अशा वृक्षाजवळ कुऱ्हाड व सुरुंग दोन्ही थांबवावेत. देवस्थान समित्यांनी तर परवानगीची वाटही पाहू नये. नकार त्यांनीच द्यावा. मंडप वर्षभरात उभा राहतो. ढोली पडण्याइतके झाड म्हातारे व्हायला मात्र कित्येक पिढ्या जाव्या लागतात.