मीटर कामगाराच्या अंगावर हवा

मॅनहोलचं झाकण उघडलं की आत पेटती काडी टाकून पाहायची, ही जुनी रीत. विझली तर प्राणवायू कमी, भडकली तर मिथेन. काहीच झालं नाही, तर कामगार आत उतरतो. पण हायड्रोजन सल्फाइड जीव घेण्याइतका साचला असला, तरी काडीवरून त्याचा पत्ता लागत नाही.

नाकाचाही भरवसा धरता येत नाही. या वायूचा कुजक्या अंड्यांसारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. मात्र प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या, म्हणजे १०० पीपीएमच्या आसपास गेलं की वासाची जाणीवच बधिर होते. वास गेला म्हणून हवा सुधारली असं कामगाराला वाटतं. १,००० पीपीएमला माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला धावलेला साथीदारही अनेकदा तिथेच पडतो.

हा वायू ओळखणारं, मुठीत मावणारं मीटर बाजारात मिळतं. त्यातल्या रासायनिक घटात पातळ पडद्यातून वायू शिरतो, इलेक्ट्रोडवर त्याची अभिक्रिया होते आणि सूक्ष्म वीजप्रवाह वाहू लागतो. वायू जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली जपानमध्ये पेटंटसाठी मांडलेला टिन ऑक्साइडचा सेन्सर याहून वेगळा आणि स्वस्त. घरगुती गॅसगळतीच्या अलार्मसाठी तो उत्तम ठरला. पण तो एकाच वेळी अनेक वायूंना दाद देतो, दमट हवेत त्याचं मोजमापही ढळतं. गटारात तर कायमच दमट हवा. तिथे केवळ किंमत पाहून सेन्सर निवडणं हा कामगाराच्या जिवाशी खेळ आहे.

चांगला सेन्सरही आपोआप चांगला राहत नाही. घट साधारण दोन-तीन वर्षांत थकतो, आणि थकलेलं मीटर निर्धास्तपणे शून्य दाखवत राहतं. म्हणून ठरलेल्या प्रमाणाचा वायू सोडून त्याची वेळोवेळी तपासणी करावी लागते. आपल्याकडे घोडं अडतं ते इथे. मीटर खरेदी होतं, फोटो निघतो, मग ते कपाटात जातं.

हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या कायद्याच्या २०१३ च्या नियमांत, संरक्षक साधनांच्या यादीत चार वायूंचा मॉनिटर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. एवढ्या रकमेत डझनावारी मीटर येतात. गटारात माणूस उतरूच नये, यंत्रानेच काम व्हावं, हे खरंच. पण आज माणूस उतरतो आहे.

तेव्हा महापालिकांनी निविदेतच लिहावं: घटाची मुदत, तपासणीची तारीख आणि कामगाराच्या अंगावर सतत चालू असलेलं मीटर. उतरण्याआधी वर, मध्ये आणि तळाशी मोजणी व्हावी, कारण मिथेन हवेपेक्षा हलका, तर हायड्रोजन सल्फाइड जड. एकदा मोजून भागत नाही. फावड्याने गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो, आणि त्या क्षणी मीटर वर मुकादमाच्या हातात असून उपयोग नाही.