आधी हिशेब, मग पॅनेल
कॅम्पर व्हॅनवर सोलर बसवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी पॅनेलचा भाव काढतात. खरं तर आधी मांडायला हवा रोजच्या विजेचा हिशेब. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॅट-तास खातो, २५ वॅटचा पंखा ८ तासांत २००, दिवे-मोबाइल-लॅपटॉप आणखी २००. झाले ९००. छतावर आडवं बसवलेलं ३०० वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात, तूट वजा जाता, जेमतेम तेवढंच देतं. कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज झपकन उतरते. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी एक दिवस निभावते. आषाढात कोकणात जाणार असाल, तर गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्जिंगची सोय हवीच. आणि कळकळीची विनंती: बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवल्याशिवाय एकही वायर जोडू नका.