अर्जासोबतचे पत्र

परीक्षेचा निकाल लागला, प्रमाणपत्रांच्या प्रती तयार झाल्या, जाहिरातही सापडली. आणि मग प्रश्न उभा राहतो, अर्जासोबतच्या पत्रात लिहावयाचे तरी काय? पुष्कळ घरांत अशा वेळी एखाद्या परिचिताचे जुने पत्र आणून त्यातील नाव तेवढे बदलले जाते. परंतु वाचणाऱ्याच्या टेबलावर त्याच साच्याची कितीतरी पत्रे आधीच आलेली असतात, हे वाचकहो, आपण ध्यानात घ्यावे.

चांगले पत्र कसे असते, याचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी चोवीस वर्षांच्या एका तरुणाने मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. पत्र अवघ्या काही वाक्यांचे. आपल्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी असल्याचे समजले, त्यासाठी हा अर्ज. मॅट्रिक उत्तीर्ण असून एफ. ए.पर्यंत शिकलो; प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढील शिक्षण थांबले; मात्र तेव्हापासून सर्व वेळ गणिताला दिला आहे; जागा मिळाल्यास कामाला न्याय देऊ शकेन असा विश्वास वाटतो. एवढाच त्याचा आशय. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. १ मार्च रोजी दरमहा तीस रुपयांवर रामानुजन कामावर रुजू झाले.

एफ. ए.च्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले होते. तरीही उत्तीर्ण झाल्याचा आभास त्यांनी निर्माण केला नाही, की आपल्या विपन्नावस्थेचे गाऱ्हाणेही गायिले नाही. खंड पडला हे एका वाक्यात मान्य केले आणि त्या काळात काय केले ते लगेच सांगितले. आजारपणामुळे, घरच्या जबाबदारीमुळे किंवा अपयशामुळे ज्यांचे एखादे वर्ष वाया गेले असेल, त्यांनी हाच मार्ग अनुसरावा. लपविलेले वर्ष तारखांवरून उघड होतेच. सांगितलेल्या वर्षाने मात्र विश्वास वाढतो.

आजच्या उमेदवाराने याला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी. आपले ज्ञान त्या कचेरीच्या कामी कसे येईल, हे स्पष्ट लिहावे. ‘मी कष्टाळू व प्रामाणिक आहे’ असे कोणीही लिहितो. त्याऐवजी ‘महाविद्यालयाच्या सहकारी भांडाराचे हिशेब दोन वर्षे सांभाळले’ असे लिहिल्यास कष्ट आणि प्रामाणिकपणा, दोन्ही न सांगता कळतात. अर्थात, घडले असेल तेच लिहावे.

बाकीचे नियम थोडे आहेत. पदाचे नाव व जाहिरातीचा दिनांक आरंभीच द्यावा. पत्र एका पानाच्या आत संपवावे. सोबतच्या कागदांची यादी शेवटी जोडावी. ई-मेलने पाठवावयाचे असल्यास विषयाची ओळ कोरी ठेवू नये, आणि जोडलेला कागद उघडतो की नाही, ते आधी पाहावे. केवळ ठरावीक नमुन्यातील अर्ज मागविला असेल, तेथे वेगळे पत्र जोडू नये. केंद्र सरकारच्या गट ‘ब’ अराजपत्रित आणि गट ‘क’ पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या; तेथे परीक्षा व बिनचूक भरलेला अर्ज यांनाच महत्त्व आहे. खाजगी संस्था, शाळा, वृत्तपत्रे यांच्याकडे मात्र पत्र हीच पुष्कळदा पहिली भेट असते.

घरातील वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मुलांचे पत्र आपण लिहून देऊ नये; त्यांच्याकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे. जेथे जीभ अडखळते, तेथे वाक्य उसने आहे असे समजावे आणि ते पुन्हा लिहावयास सांगावे. मुलाखतीच्या खोलीत जाताना त्या पत्रातील प्रत्येक शब्दाचा जाब त्यांनाच द्यावयाचा आहे.