मशिदीचा आवाज मोबाइलवर पोचला, पण मराठीत कधी पोचणार?

मुंबईच्या माहीम जुमा मशिदीसह शहरातल्या काही मशिदींनी जून 2025 मध्ये ‘ऑनलाइन अजान’ नावाच्या मोबाइल ॲपवर नोंदणी केली. मशिदीत मुअज्जिनने अजान सुरू केली की ॲप घेतलेल्या नमाजींच्या फोनवर ती त्याच वेळी ऐकू येते. तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या एका कंपनीने हे ॲप बनवलंय आणि तिथल्या मशिदी ते आधीपासून वापरत होत्या.

मुंबईत ही वेळ का आली, ते आपल्याला माहीत आहे. 23 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असा निकाल दिला. त्यानंतर पोलिसांनी भोंगे उतरवायला घेतले. जुलैत मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलेल्या आकड्यांनुसार राज्यात 3,367 भोंगे उतरले, त्यातले 1,608 एकट्या मुंबईत. मुंबईत ज्या ठिकाणचे भोंगे उतरले त्यांत 1,149 मशिदी, 48 मंदिरं आणि 10 चर्च होते. नियम सगळ्यांना सारखा, पण त्याचा भार कुणावर जास्त पडला ते आकडेच सांगतात.

ॲपचा उपाय चांगला आहे, शांततेचा आहे. भांडण नाही, मोर्चा नाही, कोर्टाचा अवमान नाही. पण हा उपाय नमाजीसाठी आहे. ज्याला अजान ऐकायचीच आहे त्याच्यापर्यंत ती पोचली. मशिदीच्या भिंतीपलीकडे जो शेजारी राहतो, ज्याला मशिदीत काय चालतं हेच ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत काय पोचतं? अकोटसारख्या गावात हा प्रश्न भोंग्यापेक्षा मोठा आहे.

चर्चने काय केलं?

या बाबतीत आपल्याच राज्यातल्या ख्रिस्ती समाजाकडे एकदा नीट पाहायला हवं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या सुमारे 1 कोटी 30 लाख होती आणि ख्रिस्ती लोकसंख्या 11 लाखांच्याही आत. म्हणजे ते आपल्या दहावा हिस्साही नाहीत. तरी मराठीत स्वतःबद्दल स्वतः बोलण्याची त्यांची सवय चारशे वर्षांची आहे.

फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापलं गेलं, तेही ओवीत, इथल्या लोकांच्या कानाला ओळखीच्या चालीत. 1842 मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. वसईहून ‘सुवार्ता’ मासिक निघतं. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. छपाई आली तेव्हा छपाई, रेडिओ आला तेव्हा रेडिओ. व्हॅटिकनचं स्वतःचं रेडिओ केंद्र 1931 मध्येच सुरू झालं होतं. 2008 मध्ये बायबलचं ‘यूव्हर्जन’ ॲप आलं, त्यात आज मराठी बायबलही आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई धर्मप्रांताने यूट्यूबवर मिस्सा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सवय आधीचीच होती, फक्त साधन बदललं.

यात एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. सप्टेंबर 2020 मध्ये व्हॅटिकनने जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून सांगितलं की पडद्यावरची मिस्सा प्रत्यक्ष चर्चमध्ये येण्याची जागा घेऊ शकत नाही. आपल्या उलेमांनीही त्याच वर्षी हेच सांगितलं होतं: मोबाइलवरच्या इमामाच्या मागे घरी जुमा होत नाही, घरी जोहर पढा. म्हणजे इबादत जागेवर आणि ओळख, माहिती, संवाद मोबाइलवर ही वाटणी दोन्हीकडे एकच आहे. ‘मोबाइलवर दीन आणला की मशीद ओस पडेल’ ही आपल्या काही ज्येष्ठांची भीती त्यामुळे फारशी टिकत नाही.

चर्चचं सगळंच घेण्यासारखं आहे असं नाही. पडद्यावरून आजार बरे करण्याचे दावे करणारे आणि खाली खात्याचा नंबर देणारे उपदेशक त्यांच्यातही आहेत, आणि त्यांच्यातले शहाणे लोकच त्यावर टीका करतात. आपल्याकडेही त्या जातीचे ‘बाबा’ यूट्यूबवर कमी नाहीत.

काम आपण केलं, सांगितलं दुसऱ्यांनी

2020 आठवा. मार्च-एप्रिलमध्ये तबलीगी जमातच्या नावाने टीव्हीवर आणि मोबाइलवर काय काय चाललं होतं! भाजी विकणाऱ्या आपल्या पोरांना गल्लीत येऊ देत नव्हते. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असं नमूद केलं आणि माध्यमांच्या प्रचारावरही ताशेरे ओढले. न्याय मिळाला, पण पाच महिन्यांनी. तोवर ज्याच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं.

आणि त्याच काळात अकोल्यात काय घडत होतं? कोरोनाने दगावलेल्यांना हात लावायला सख्खे नातेवाईक घाबरत होते, तेव्हा अकोल्याच्या कच्छी मेमन जमातचे कार्यकर्ते मृतदेह उचलत होते. मुसलमानाचे दफन करत होते आणि हिंदूंचे अंत्यसंस्कार त्यांच्या रीतीने करत होते. ही बातमी देशभर गेली. पण ती नेली बाहेरच्या पत्रकारांनी. जिल्ह्यातल्या मशिदींकडे, जमातींकडे स्वतःचं मराठी पान असतं, तर हे आपल्या शेजाऱ्याला आपल्याकडून त्याच दिवशी कळलं असतं.

यात दोष कुणा एकाचा नाही. आपलं बयान उर्दूत होतं, पोस्टर उर्दूत निघतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर उर्दू ऑडिओ फिरतो. वऱ्हाडातल्या मुसलमानाची जीभ मात्र दोन्हीकडे चालते. घरात उर्दू, बाजार समितीत अस्सल वऱ्हाडी. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलींना तर जड उर्दू बयान अर्धंच समजतं. मराठीत काम करणारे नाहीत असंही नाही. ‘शोधन’ साप्ताहिक निघतं, इस्लामिक मराठी पब्लिकेशन ट्रस्टने कुरआनचं मराठी भाषांतर छापलंय, 1990 मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. पण हे पुस्तकाच्या कपाटात आहे, मुहल्ल्याच्या मशिदीच्या मोबाइलवर नाही.

रिकामी जागा अफवेने भरते

आपण बोललो नाही म्हणून मोबाइल गप्प बसत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केलं. कारण व्हॉट्सॲपवरची अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली.

आपल्या भागाकडे या. नोव्हेंबर 2021 मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधावरून अमरावती पेटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. 13 मे 2023 च्या रात्री एका इन्स्टाग्राम पोस्टवरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली. एक जण दगावला, पोलीस जखमी झाले, गाड्या जळाल्या, पुन्हा इंटरनेट बंद. त्यानंतर किती घरांनी कोर्ट-कचेरीच्या खेपा घातल्या ते अकोल्यात कुणालाही विचारा. अकोट तिथून पन्नास किलोमीटरच्याही आत आहे. अकोल्यात ठिणगी पडली की तासाभरात अकोटच्या चौकात दुकानांची शटर खाली येतात.

अशा रात्री मुहल्ल्यातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या हातात काय असतं? कुठून आला ते माहीत नसलेला व्हिडिओ आणि ‘आगे भेजो’ असा हुकूम. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आलेल्या बातमीची आधी शहानिशा करण्याची ताकीद आहे. पण शहानिशा करायची कुणाकडे? इमामसाहेबांचा, कमिटीचा एक शब्द त्या पोरापर्यंत दहा मिनिटांत पोचला, तर तो फोन खिशात ठेवेल. तो शब्द पोचायला रस्ता आधीपासून बांधलेला लागतो, दंगलीच्या रात्री तो बांधता येत नाही.

अकोटमध्ये काय करता येईल

पहिली गोष्ट, प्रत्येक मशिदीने वेगळा चॅनेल काढून एकमेकांच्या मसलकवर तोंडसुख घेण्यापेक्षा गावाची मिळून एकच मराठी वाहिनी असावी. चर्चमध्ये बिशप ठरवतो आणि धर्मप्रांत चालतो. आपल्याकडे प्रत्येक कमिटी स्वतंत्र. ही आपली अडचण आहे हे मान्य करू. पण ईदची नमाज, जनाजा आणि रक्तदान शिबिर याबाबत मसलकचा वाद येत नाही. सुरुवात तिथूनच करावी. वादाचे मसले वाहिनीवर घ्यायचेच नाहीत, हा नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवावा.

दुसरी, व्हॉट्सॲपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सोय आहे, ती वापरावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय की दुसऱ्या सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, म्हणून केवळ ॲडमिन असण्यावरून ॲडमिनवर गुन्हा लावता येत नाही. तरी खुला ग्रुप चालवून स्वतःला आणि कमिटीला अडचणीत का घालावं?

तिसरी, मजकूर. जुम्याच्या बयानाचा पाच मिनिटांचा मराठी सार. रमजान, कुर्बानी, मुहर्रम म्हणजे काय ते शेजाऱ्याला समजेल अशा शब्दांत. परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे अर्ज. रुग्णाला रक्त हवं असेल तर तसा निरोप, मग रुग्ण कुणीही असो. जकात-सदक्याचा महिन्याचा हिशोब. पण मदत घेणाऱ्यांचे फोटो नकोत. विधवा बाईच्या हातात रेशनची पिशवी देऊन फोटो काढायचा आणि तो गावभर पाठवायचा, हे दीनमध्येही बसत नाही आणि माणुसकीतही.

चौथी, माणसं. ‘उमीद’ पोर्टलवर वक्फ मालमत्तेची कागदपत्रं चढवायची वेळ आली, तेव्हा संगणक जाणणारी मुलं कमिटीत असणं किती गरजेचं आहे ते सगळ्यांनाच दिसलं. त्याच मुलांना, आणि मुलींनाही, हे काम द्या. मराठी माध्यमातून शिकलेली आपली मुलगी मौलानांचं बयान ऐकून सोप्या मराठीत लिहू शकते. लिहिलेलं इमामसाहेबांनी एकदा तपासावं आणि मगच ते जावं.

पाचवी, मोबाइलवरून दारापर्यंत. ब्रिटनमध्ये 2015 पासून मशिदी ठरलेल्या दिवशी सगळ्यांसाठी दार उघडतात. महाराष्ट्रातही काही ठिकाणी ‘मस्जिद परिचय’चे कार्यक्रम झालेत. वजूखाना दाखवा, नमाज कशी होते ते मागे खुर्च्या टाकून बघू द्या, प्रश्न विचारू द्या, चहा पाजा. वाहिनीवरून त्याचं आमंत्रण मराठीत द्या. अकोटला तर हे नवीन नाही. याच गावचे संत नरसिंग महाराज कोतशा अली या मुस्लिम फकिराचे शिष्य मानले जातात. गावाच्या आठवणीत हे नातं अजून जिवंत आहे. ते मोबाइलच्या पडद्यावर यायला काय हरकत आहे?

दावत आणि कायदा

एक सावधगिरी. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीच्या धर्मांतरावर कायदा सुचवण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा हवेत ओळख करून देणं आणि धर्म बदलायला लावणं यातला फरक आपल्यालाही नीट माहीत हवा. राज्यघटनेचं कलम 25 धर्म मानण्याचा, आचरणाचा आणि प्रसाराचा अधिकार देतं. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. मदतीच्या बदल्यात धर्माची अट घालणं तर इस्लाममध्येच मान्य नाही. दीनमध्ये जबरदस्ती नाही हे कुरआनचंच सांगणं आहे. तेव्हा वाहिनीवर दुसऱ्या धर्माची तुलना नको, टोमणा नको, मुनाजरा तर मुळीच नको. आपण कसे जगतो एवढं सांगितलं तरी पुरे.

माहीमच्या मशिदीने नमाजीच्या फोनमध्ये अजान पोचवली. ते काम पैशाने आणि इंजिनिअरने झालं. अकोटचं काम त्याहून स्वस्त आहे. एक फोन, दोन-तीन शिकलेली मुलं, तपासणारे एक इमामसाहेब आणि कमिटीचा एक ठराव. जुम्यानंतर कमिटीची बैठक बसते तेव्हा पंखे, रंग आणि वीजबिल यांच्याबरोबर हा विषयही कागदावर यावा. पुढच्या वेळी अकोल्यात काही घडलं, तर अकोटच्या पोराच्या फोनवर पहिला निरोप अफवेचा नव्हे, आपल्या मशिदीचा असला पाहिजे, आणि तो शेजारच्या घरातही वाचता आला पाहिजे.