घरातली वीज : धुराची पेटी लावली की बटण पडते

गणेशपुरीहून एका भगिनीने विचारले आहे : मासळीला धूर द्यायची विजेची पेटी पावसाळाभर पडवीत झाकून ठेवली होती. दसऱ्यानंतर काढली, तर लावताच बोर्डावरचे बटण पडते आणि घरात अंधार होतो. शेजारी सांगतात, प्लगची मोठी पिन काढून टाका, मग बटण पडणार नाही.

ताई, तेवढे मात्र करू नका. मोठी पिन अर्थिंगची. पेटीत गळणारी वीज त्या वाटेने जमिनीत जाते, ते बटणाला कळते आणि ते पडते. पिन काढली की वीज पेटीच्या पत्र्यातच राहते. सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभे असलेले पोर पेटीला हात लावील, तेव्हा ती त्याच्या अंगातून वाट काढील. बटण चांगले असले तर तेव्हा पडेलही, पण झटका बसल्यावर!

आता कोणते बटण पडते ते पाहा. ज्यावर ‘टेस्ट’चे लहान बटण असते ते गळतीचे, घरातले बहुधा ३० मिलिअँपिअर गळतीला पडते. बाकीच्या एमसीबी जास्त ओढीला किंवा शॉर्टला पडतात. १५०० वॉटची पेटी आणि ७५० वॉटची इस्त्री एकाच वायरवर चालवली तर सुमारे १० अँपिअर ओढले जातात. ६ अँपिअरची एमसीबी थोड्या वेळाने पडणारच. तिथे मोठी बसवू नका, वायर तापते. पेटीला १६ अँपिअरचा वेगळा प्लग घ्या.

तुमच्याकडे लावताक्षणी पडते, आणि पेटी चार महिने सर्दावलेली. म्हणून संशय गळतीचाच. पेटीतल्या तापणाऱ्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासलेली असते. तानसाकाठच्या पावसाळी हवेत ती नळीच्या टोकांतून मिठासारखी ओल ओढते, आणि मग वीज नळीच्या पत्र्याला पोचते. मासळीचे खारट पाणी टोकांवर ओघळले तरी हेच होते.

प्लग काढून पेटी उघडी करा आणि तीन-चार दिवस कडक उन्हात ठेवा. टोके कोरड्या फडक्याने पुसा. मग वायरमनकडून मेगरने मोजून घ्या. १ मेगओहमहून कमी भरले तर नळी बदला. पेटी भंगारात द्यायचे कारण नाही. त्याच प्लगला दुसरे यंत्र लावूनही बटण पडले, तर दोष वायरिंगमध्ये शोधावा लागेल.

वायरमन आलाच आहे तर अर्थिंगचा खड्डाही त्याला दाखवा. उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. आठवड्याला बादलीभर पाणी घालत जा.