बिअर कंपन्यांचे संगनमत: दंड सरकारजमा, ग्राहकाच्या हाती काय?

बेंगळुरूच्या चामराजपेटेतील कोणत्याही परवानाधारक दुकानात बिअरची बाटली एकाच वाटेने येते. कर्नाटकात मद्याचा घाऊक व्यापार २००३ पासून राज्य सरकारच्या बेव्हरेजेस महामंडळाकडे असून किरकोळ विक्रेत्यास तेथूनच माल उचलावा लागतो. जेथे सरकार स्वतःच मधल्या पायरीवर उभे आहे, तेथे कंपन्या संगनमताने दर कसे वाढवू शकतील, असा प्रश्न साहजिकच पडतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिलेल्या आदेशात त्याचे उत्तर आहे.

सरकार दराला मान्यता देते, परंतु दराचा प्रस्ताव कंपनीकडून येतो. हा प्रस्ताव किती रुपयांचा असावा, हे बेंगळुरूत मुख्यालय असलेली युनायटेड ब्रुअरीज, एबी इनबेव्ह (पूर्वीची सॅबमिलर इंडिया) आणि कार्ल्सबर्ग इंडिया या कंपन्या आधी आपसांत ठरवीत, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. कर्नाटक व महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा प्रकार २००९ पासून १० ऑक्टोबर २०१८ पर्यंत, म्हणजे आयोगाचे छापे पडेपर्यंत, चालू होता. कार्ल्सबर्ग त्यात २०१२ पासून सामील झाली. ऑल इंडिया ब्रुअर्स असोसिएशन या संघटनेने त्यास साह्य केल्याचेही आदेशात म्हटले आहे. राज्य सरकारांच्या नियंत्रणामुळे एकत्र येणे भाग पडले, हा कंपन्यांचा बचाव आयोगाने मान्य केला नाही. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्यास एकत्र जाणे निराळे आणि प्रस्तावातील आकडा संगनमताने ठरविणे निराळे, हा भेद येथे महत्त्वाचा आहे.

मराठी वाचकांच्या दृष्टीने आदेशातील आणखी काही बाबी लक्षणीय आहेत. महाराष्ट्रात बिअरचा पुरवठा रोखून धरणे आणि बाजारपेठ वाटून घेणे, बेंगळुरू शहरातील बड्या आस्थापनांना द्यावयाच्या पुरवठ्याबाबत समन्वय साधणे, हे प्रकारही आयोगाने नोंदविले. एवढेच नव्हे, तर जुन्या, वापरलेल्या बाटल्यांच्या खरेदीतही दोन कंपन्यांनी एकमेकींशी जुळवून घेतले होते. म्हणजे विकताना दर चढा राहावा अशी व्यवस्था होतीच, रिकामी बाटली परत घेतानाही स्पर्धा टाळली गेली.

युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी आणि कार्ल्सबर्गला सुमारे १२१ कोटी रुपये दंड झाला. एबी इनबेव्हला मात्र एक रुपयाही भरावा लागला नाही. संगनमताची माहिती देण्यास सर्वप्रथम पुढे आल्याबद्दल तिला शंभर टक्के सूट मिळाली. नंतर सहकार्य करणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजला ४० टक्के, तर कार्ल्सबर्गला २० टक्के सूट देण्यात आली.

फितुरास माफी देण्याची ही पद्धत युरोपातील स्पर्धा कायद्याच्या अंमलबजावणीत १९९६ पासून आहे. योगायोग असा की, युरोपीय आयोगाने एप्रिल २००७ मध्ये नेदरलँड्समधील बिअर कंपन्यांच्या संगनमताबद्दल सुमारे २७ कोटी ३८ लाख युरो दंड ठोठावला, तेव्हा माहिती देऊन पूर्ण माफी मिळविणारी कंपनी इनबेव्हच होती. आजच्या एबी इनबेव्हची ती पूर्वज. सर्वांत मोठा दंड हायनेकेनला झाला. न्यायालयाने पुढे २०११ मध्ये तो काहीसा कमी केला. याच हायनेकेनने भारतातील आदेशापूर्वी काही महिने, २०२१ मध्ये, युनायटेड ब्रुअरीजवर बहुमताचा ताबा मिळविला होता.

वर्षानुवर्षे नफा घेऊन ऐनवेळी माफीचा साक्षीदार होणे न्यायाला धरून आहे काय? उत्तर सोपे नाही. संगनमताचे करारपत्र कोणी करीत नाही, आणि आतला माणूस बोलल्याखेरीज पुरावा क्वचितच हाती येतो. म्हणून ही सवलत आवश्यक आहे. परंतु ती दंडापुरतीच असावी, ग्राहकाच्या नुकसानभरपाईचा प्रश्न स्वतंत्रपणे सुटावा, ही अपेक्षाही तितकीच रास्त आहे.

येथे भारत मागे आहे. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. स्पर्धा कायद्यात अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागण्याची तरतूद असली, तरी नुकसान किती झाले हे अर्जदारानेच दाखवावयाचे असते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार संगनमतामुळे नुकसान झाले असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर पडतो. भारताने २०२३ च्या दुरुस्तीने दंडासाठी जागतिक उलाढाल विचारात घेण्याची तरतूद केली. भरपाईबाबत असे गृहीतक मात्र आणले नाही.

बिअर कंपन्यांची अपिले राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये फेटाळली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान, नऊ वर्षे वाढीव दर मोजणाऱ्या चामराजपेटेतील किंवा पुण्यातील ग्राहकाने जुन्या बाटलीची पावती कोठून आणावी? भंगारवाल्याला तर रिकाम्या बाटल्यांची पावती मिळालेलीच नसते.