महाभियोग आणि पक्षादेश

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सुक योल यांनी 3 डिसेंबर 2024 च्या रात्री लष्करी कायदा पुकारला, तेव्हा त्या देशाची राज्यघटना कसोटीला लागली. विधिमंडळाने एकूण सभासदांच्या बहुमताने मागणी केल्यास अध्यक्षांनी तो कायदा उठविलाच पाहिजे, असे तिचे 77 वे कलम सांगते. सैनिक विधिमंडळाच्या इमारतीत घुसले होते. तरीही कित्येक सभासद कुंपणावरून चढून आत पोहोचले आणि मध्यरात्रीनंतर उपस्थित 190 जणांनी एकमुखाने ती मागणी केली. पहाटे अध्यक्षांना माघार घ्यावी लागली.

खरी परीक्षा पुढेच होती. महाभियोगास 300 पैकी 200 मते हवीत. 7 डिसेंबरला सत्तारूढ पक्षाचे बहुतेक सभासद सभागृहातून निघून गेले आणि ठराव बारगळला. आठवड्याने, 14 डिसेंबरला, दुसरा ठराव 204 मतांनी संमत झाला. विरोधी बाकांवर 192 जण होते. म्हणजे अध्यक्षांच्या पक्षातील किमान 12 जणांनी पक्षादेश बाजूला ठेवला. मतदान गुप्त होते, हे येथे विसरता कामा नये. 4 एप्रिल 2025 रोजी घटना-न्यायालयाच्या आठही न्यायमूर्तींनी पदच्युतीवर शिक्कामोर्तब केले.

अमेरिकेत 1868 ते 2021 या काळात तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा असा खटला चालला. सिनेटने एकालाही दोषी ठरविले नाही. तेथे निवाडाही सभासदच करतात, आणि तोही उघड मतदानाने. पक्षाचा माणूस न्यायासनावर बसविला म्हणून तो पक्ष विसरेल, ही अपेक्षा भाबडीच म्हणावयाची.

हे अनुभव आमच्या दृष्टीने केवळ परदेशवार्ता नव्हेत. आमच्या घटनेच्या 61 व्या कलमान्वये राष्ट्रपतींवरील आरोप संसदेच्या एका सभागृहाने ठेवावयाचा, चौकशी दुसऱ्याने करावयाची आणि दोन्हीकडे एकूण सभासदसंख्येच्या दोन-तृतीयांश मते हवीत. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालत असल्यामुळे हे कलम आजवर वापरावे लागले नाही, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु 1985 साली घटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्व जाऊ शकते, आणि महाभियोगाच्या मतदानास तीत स्पष्ट अपवाद नाही. राष्ट्रपतींना निवडून देताना खासदार गुप्तपणे मत देतो. त्यांच्यावरील आरोपाचा निवाडा करताना मात्र त्याने पक्षप्रतोदाकडे पाहूनच हात वर करावयाचा काय? हा अपवाद संसदेने घालावा, आणि तो आताच घालावा. राष्ट्रपती भवन व संसद यांच्यात कलह पेटल्यावर त्याला हात घालण्यास कोणताही पक्ष धजणार नाही.